लॉखबर्नचे काका

अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या मराठी घरांत नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "मूळ गाव कोणतं?" गावावरून आडनाव, आडनावावरून बाकीचं सगळं कळतं. काकांचं उत्तरही ठरलेलं होतं. "लॉखबर्न, स्कॉटलंड." चेहरा असा गंभीर, की जणू अकोला नाहीतर सातारा सांगतायत. विचारणारा हसायचा आणि पुढची चौकशी विसरायचा.

तरुणपणी काका त्या गावातल्या लोकरीच्या गिरणीत रंगाचं काम शिकायला गेले आणि चांगली दहा वर्षं राहिले. मग अमेरिकेत आले, पण गप्पांमध्ये त्यांचा मुक्काम तिथेच. इथे बर्फात आमच्या गाड्या अडकल्या की म्हणायचे, "हा काय बर्फ! लॉखबर्नच्या पुलावरून चालून दाखवा." कोणाची गाडी चुकू नये म्हणून चौकातलं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलेलं, रेल्वे बंद झाली तेव्हा शेवटच्या गाडीला निरोप द्यायला लोटलेलं अख्खं गाव, पुढे गिरणीही बसली आणि तिथे फ्लॅट झाले, हे सारं आम्हाला पाठ होतं. त्यांची मुलगी सुजाता तर कपाळाला हात लावायची. "बाबा, नॉट द क्लॉक अगेन!"

काका रिटायर झाले त्या वर्षी तिकडच्या जुन्या शेजाऱ्याचा फोन आला. चौकातला पाणी पिण्याचा लोखंडी नळ काढून तिथे पार्किंग करायचं घाटत होतं. काका कासावीस झाले. आंबेडकर जयंतीच्या जेवणाला ते सह्यांचा कागद घेऊनच आले.

"काका, यार, स्कॉटलंडच्या नळासाठी नेपरव्हिलच्या सह्या?" नागपूरचा मिलिंद म्हणाला. "तुमच्या खऱ्या गावात काय कमी प्रॉब्लेम आहेत?"

सगळे हसले. मीही हसले. काकांनी कागद टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही.

"खऱ्या गावात विहिरीला आपला हात लागायचा नाही. आई घागर घेऊन उभी राहायची, कोणी वरून ओतेपर्यंत. लॉखबर्नला उतरलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. चौकात हा नळ दिसला. जवळ गेलो, वाकलो, ओंजळ धरली आणि तसाच थांबलो. कोणीतरी पाणी घालेल म्हणून! हातात डिग्री होती बरं का. बाजाराची पिशवी घेतलेली एक म्हातारी थांबली. म्हणाली, बाळा, ती कळ दाब आणि पी. मी दाबली. पोट दुखेपर्यंत प्यालो."

मिलिंदने पेन मागितलं. मग कागद सगळ्या पंगतीतून फिरला.

सह्यांचा उपयोग झाला नाही. थंडी सुरू व्हायच्या आत नळ निघाला. ते कळलं तेव्हा मी काकांकडे गेले होते, आणि ज्या गावाला मी कधी जाणारही नव्हते त्या गावाचा मला भयंकर राग आला. सुजाता रडत होती. "बाबा, दे टुक इट अवे."

काकांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "तुला कधी ओंजळ धरून थांबावं लागलं नाही. मला त्या नळाकडून एवढंच हवं होतं."