सासऱ्यांची न संपलेली ड्यूटी

माणसाला नोकरीतून निवृत्त करता येतं, यावर माझा विश्वास होता; माझे सासरे निवृत्त झाले आणि तो उडाला. कागद कारखान्याने त्यांना हार घातला, शाल दिली, फोटो काढला आणि मोठ्या मानाने गेटाबाहेर आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सासरे सिंधीपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर डबा घेऊन हजर! पहिली शिफ्ट होती म्हणे. तेव्हापासून एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, आणि तिसरी आली की दिवसा पडदे ओढून ते घोरतात नि सगळं घर चवड्यांवर चालतं. कारखान्याचा एक नियम तर त्यांच्या हाडीमाशी खिळलेला: बदली माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. माझ्या लग्नात त्यांनी जिलेबीचं ताट हाती घेतलं ते तिसरी पंगत उठली तरी सोडेनात. व्याही हात जोडून थकले. शेवटी मीच मुंडावळ्या सावरत ताट घेतलं, तेव्हा कुठे "चार्ज घेतला ना, जवाईबापू? पाक सांडतोय, संभालून," म्हणत ते जेवायला बसले.

मागच्या महिन्यात मी तिथे असतानाच सरकारी पाहणीची एक मुलगी आली. घरात कामावर कोण, काम शोधतंय कोण आणि दोन्ही न करणारं कोण, असं ती घरोघर विचारत होती. सासरे इस्त्रीचा शर्ट चढवून खुर्चीत बसले.

"काकाजी, मागच्या हप्त्यात काम केलं का?"

"दुसरी शिफ्ट होती."

"कुठे?"

सासऱ्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. पोरगी चांगल्या घरची, हसली नाही. "मग काम शोधता का?"

"हातातलं सोडून?" सासरे भडकलेच.

"मग काम न करणाऱ्यांत टाकावं लागेल, काकाजी."

सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. हार, शाल आणि फोटोला जे जमलं नव्हतं, ते त्या एका वाक्याने केलं. त्यांना चिडवण्यात मी एरवी सगळ्यांच्या पुढे, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात सासूबाई तेलकट हातांनी बाहेर आल्या. केळीचे चिप्स तळून त्या अर्ध्या गल्लीला विकतात, आणि तरी सासरे आजवर त्यांच्याबद्दल "ती घरीच असते" एवढंच सांगत आलेले.

"आधी माझं लिही, बेटा," सासूबाई म्हणाल्या. "धंदा माझा आहे. अन् हे माझ्याकडे कामाला. रोज कच्ची केळी सोलतात."

सोलत होते हे खरंच. पण सासऱ्यांच्या लेखी ती बायकोला मदत होती, काम नव्हतं. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग हळूच म्हणाले, "मग मी रिटायर कधी?"

"मी आहे तोवर तर नाही ना!"

पोरगी खळखळून हसली, मीही हसलो. सासरे मात्र उठले, हात धुतले आणि सासूबाईंच्या शेजारी पाट ओढून केळी सोलू लागले. दोघांच्या पाठी हल्ली किती वाकल्या आहेत, हे मला तेव्हाच दिसलं. सासूबाईंचं ते 'तोवर' म्हणजे किती दिवस, हा विचार मनात आला, आणि मी घाईघाईने दुसरा पाट शोधू लागलो.