जर्मनीतली धुरी

भूतबाधा, करणी असलं मी आयुष्यात कदी मानलं न्हाय. कुणी सांगाय लागलं की मी उठून जायचो. आजबी मानत न्हाय. पण हे घडलंय, आन् मला त्याचा लई वैताग आलाय.

मी सोलापूरचा. चादरीच्या कारखान्यात मागावर जल्म गेला. शिक्षण चौथी. माझी बायको कमळ मागच्या उन्हाळ्यात वारली. लेक अश्विनी जर्मनीत, तवा तिला दिवस गेलेले. बाळंतपणाला जायचं म्हणून कमळनं पासपोर्ट काढला हुता. डिंकाचे लाडू विमानात नेऊ देत्यात का, हे अख्ख्या गल्लीला इचारून झालं... आन् बाई गेली भलतीकडंच.

अश्विनीला पोरगी झाली. तितं ना मावशी, ना शेजारीण. जावई लॅपटॉपवर. बाळ रात्रंदिस रडायचं, दूध धरंना. डॉक्टर म्हणायचा, सगळं नॉर्मल हाय. अश्विनी फोनवर रडायची, "आप्पा, असल्या वक्ताला आई काय करायची वो?"

मला काय डोंबल ठाऊक! आमच्यात बाळंतिणीच्या खोलीत गड्यानं पाय टाकायचा न्हाय. म्हणलं, "शेक घे. धुरी दे."

"आप्पा, हितं शेगडी कुटली? उदबत्ती लावली तरी अलार्म वाजतो."

फोन ठिवला आन् मी कमळच्या फोटोवर भडकलो. भर दुपारी, दार उघडं टाकून — "कमळे, सगळं तुला येत हुतं, मला एक अक्षर शिकवलं न्हाईस! हितं हार घालून काय बसलीस? जा की तिकडं!" शेजारीण डोकावून गेली. म्हातारं खुळावलं म्हणाली आसंल.

चहाला उकळी यायच्या आत अश्विनीचा व्हिडिओ कॉल. मागं अलार्म बोंबलतोय, जावई खुर्चीवर चढून त्यो बंद करतोय. घरात इजेची शेगडी, तीबी गार.

"आप्पा, लसणाची सालं जळल्याचा वास येतोय... ओव्याचा... आईच्या धुरीचा."

"आन् बाळ?"

"झोपलीया. पोटभर पिऊन झोपलीया."

तिनं दुपटं बाजूला केलं. पोरीच्या डाव्या तळपायाला राखंचं बोट! कमळ तितंच लावायची. म्हणायची, "गालावर लावलेलं शोभंचं, तळपायाचं कामाचं." ज्या घरात काडी पेटत न्हाय, तितं राख कुटनं आली?

जावई म्हणतो, वायरिंगचा लोचा. राखंचं इचारलं की लॅपटॉप उघडतो. मलाबी न्हाय कळलं. कुणाला कळत आसंल तर सांगा.

नात आता दूध पिती, बाळसं धरलंय. लई चांगलं झालं. पण माझा राग येगळाच हाय. पासपोर्ट कपाटात पडलाय, व्हिसा लागलाच न्हवता, तरी बाई एका हाकंत जर्मनीला पोचली. आन् हितं मी रोज बोंबलतो — कमळे, मीठ कुटं ठिवलंस, कमळे, माझी बंडी कुटं हाय — तर एकदाबी न्हाय.

आता मीच तव्यावर लसणाची सालं टाकून बघतो. ओवाबी टाकतो. धूर हुतो, डोळं चुरचुरत्यात... बास, येवढंच.