जित्या देवरामचा चिरा

धसईच्या एसटी स्टँडवर देवराम शिट्टी फुंकायचा आणि मुरबाडला निघालेली माणसं भाजीच्या पाट्यांसकट मुकाट रांगेत उभी राहायची. एकदा तर ड्रायव्हरच खाली उतरून रांगेत लागला. एकाहत्तरची लढाई लढून आलेला हा माणूस. त्याच्या खोड्यांनी गाव वैतागायचं, पण शिट्टीचा धाक कुणाचा सुटला नाही.

खोड्या थांबायच्या त्या एकाच दारापाशी. वरच्या वाडीतल्या हिरीच्या. तिच्या नवऱ्याला, जैतूला, सरहद्दीवर रस्त्याच्या कामाला देवरामनंच नेलं होतं. ‘पगार चांगला हाये, चल,’ म्हणाला होता. लढाईत त्या रस्त्यावर तोफगोळा पडला. देवराम परत आला, जैतूचं हाडूकही आलं नाही. हिरीनं कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि देवरामला तेच सोसत नव्हतं.

कारगिलनंतर गावाला स्मारकाचं वारं लागलं. अनंताशेठ समितीचे अध्यक्ष झाले, कारण माइक त्यांचा होता. आसपासच्या गावांतले शहीद, वारलेले माजी सैनिक आणि हयात असलेला एकटा देवराम, सगळ्यांची नावं एका दगडावर कोरायची ठरली. सव्वीस जानेवारीला मोठे साहेब येऊन पडदा ओढणार होते. आदल्या दिवशी दगड उभा राहिला, तर सगळ्यात वर नाव देवरामचं.

“जैतूचं कुठं हाये?” देवरामनं विचारलं.

“तो मजूर होता रे, सैनिक नाय,” अनंताशेठ म्हणाले. “आणि दगडावर जागा तरी कुठं राहिलीय?”

“जागा नाय होय!” देवराम म्हणाला आणि हसत घरी गेला. तो असा हसत गेला की आम्ही ओळखायचो, आता कुणाचं तरी काही खरं नाही.

आमच्याकडे माणूस मेला की त्याच्या नावानं वेशीवर दगड पुरतात. त्याला चिरा म्हणतात. जित्या माणसाचा चिरा कुणी लावत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण शहरातल्या स्मारकांचे फोटो बघून भारावलेल्या समितीच्या ते ध्यानातच आलं नाही.

तासाभरात देवरामची बायको मालू शेजारणींना घेऊन दगडापाशी हजर. पानावर भात, वडे, सुका बोंबील. पान दगडापुढं ठेवून तिनं गळा काढला. “गेलास रे धन्या! लाकडं फोडतो म्हणालास नि तशीच टाकून गेलास! आता माझ्यावर कोण डाफरंल!” संसारभर साठलेलं सगळं तिनं त्या रडण्यात बाहेर काढलं. पानाशेजारी देवराम मांडी घालून बसला होता. कावळ्याच्या आधी बोंबील त्यानंच उचलला.

“ऊठ रे! काय तमाशा लावलाय?” अनंताशेठ ओरडले.

“मी मेलोय, शेठ. तुमीच लिवलंय. आता जेवू तरी द्या.”

बायका मात्र खरंच घाबरल्या. असल्या दगडापुढं नारळ फोडायचा कुणी? अनंताशेठच्या बायकोनंच ओवाळायचं ताट खाली ठेवलं. साहेब तर सकाळी येणार. शेठना ऐन थंडीत घाम फुटला.

“मग करायचं तरी काय?”

“माझं नाव काढा,” देवराम बोंबील चघळत म्हणाला. “जागा होते.”

पाथरवटानं देवरामचं नाव घासून काढलं आणि त्याच जागी जैतूचं कोरलं. घासल्यामुळे तेवढी ओळ बाकीच्यांपेक्षा खोल गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, लांबलचक बोलले आणि गेले. मग हिरी आली. तिला वाचता येत नव्हतं. “सगळ्यात वरचं,” मालूनं सांगितलं, “हाताला खोलगट लागंल ते.” हिरीनं दगडावरून बोटं फिरवली, ती ओळ सापडली तशी थांबली आणि तिथं शेंदूर लावला.

“आलास?” एवढंच म्हणाली. तिनं मांडलेल्या पानाला कावळा लगेच शिवला.

देवराम लांब उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. शिट्टी गळ्यात तशीच लोंबत होती. हिरी दुसरं पान घेऊन त्याच्यापाशी गेली.

“घे रे भाऊ,” ती म्हणाली. “त्याचं जेवण झालं. आता तू जेव.”