ताई उघड्यावर नाचत होती

चष्म्याच्या दुकानात त्याला सगळे भागूबाई म्हणत. पन्नाशीला टेकलेल्या, चांगल्या झुपकेदार मिशा असलेल्या माणसाला असं म्हणावं का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याला पाहिलं असतंत तर तुम्हीही दुसरं काही म्हणाला नसतात. दुकान बंद करताना कुलूप तीनदा ओढून बघायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचा. लिफ्टमध्ये एकटा चढायचा नाही. कुत्रं दिसलं की लगेच पलीकडचा फुटपाथ. मागच्या खोलीत मशीनवर बसून तो काचा घासायचा, फ्रेमच्या मापाची कड काढून बसवायचा, आणि त्या कामात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. काच तडकेल या धास्तीनेच तो ती इतकी जपून धरायचा.

असल्या माणसाने दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर बंदुकांचा खेळ खेळावा म्हणजे जरा अतिच झालं, नाही का? पण खेळायचा. रोज दीड ते दोन, डबा उरकून, स्टुलावर पाय घेऊन. कारण पलीकडून ताई खेळायची.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तीन तासांवरच्या दुसऱ्या शहरात एकटी राहायची. तीस वर्षं तिने लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवरून अशी काही गरजायची की शिकणारा राहिला बाजूला, रस्त्यावरची अनोळखी माणसं ब्रेक दाबायची. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि मानेला पुढून एक भोक ठेवलं, त्यात बोटाएवढी नळी. श्वास काय तो तिथून. आवाज गेला तो गेलाच.

त्यानंतर भागूबाई रोज फोन करायचा आणि एकटाच बोलायचा. पण बोलायला त्याच्यापाशी होतं काय? दोन मिनिटांत गाडी हवापाण्यावर यायची आणि मग नुसती शांतता. शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवर पडून वैतागलेल्या ताईनेच हा खेळ शोधला आणि त्याला मेसेज धाडला, की मला बोलता येत नाही, तुला बोलायला सुचत नाही, तेव्हा गुपचूप हे उतरवून घे. ताईने सांगितलं म्हणजे झालंच. लहानपणी तिने झाडावर चढ म्हटलं तेव्हाही तो रडत रडत चढला होता.

खेळात बोलावं लागत नाही. अंगठ्याखाली इमोटचं एक चक्र असतं. त्यातलं चित्र दाबलं की आपलं पात्र बंदूक पाठीला अडकवतं आणि सलाम ठोकतं, टाळ्या वाजवतं, पोट धरून हसतं. तेवढा वेळ गोळी मात्र झाडता येत नाही, म्हणजे आपण मरायला मोकळे. शहाणी माणसं असले चाळे सामना जिंकल्यावर करतात. ताई भर लढाईत करायची. हा कुठल्यातरी भिंतीआड दडून बसलेला असायचा, आणि ही बया मैदानाच्या मधोमध उभी राहून त्याला हाताने खुणावायची, ये, इकडे ये. तो भिंतीआडूनच हसण्याचं इमोट दाबायचा. ती पुन्हा बोलवायची, तो पुन्हा हसायचा, आणि तेवढ्यात कुणीतरी दोघांनाही लोळवायचं. त्यांच्या गप्पा म्हणाल तर एवढ्याच, पण त्याचा अख्खा दिवस त्यावर निघायचा.

त्या मंगळवारीही सुरुवात तशीच झाली. ताईने सलाम ठोकला, दोघं एका पडक्या गोदामापाशी उतरले. हा नेमाने भिंतीआड गेला. ताई उघड्यावर थांबली आणि तिने बोलावलं. हा हसला. तिने पुन्हा बोलावलं. हा पुन्हा हसला. मग तिने लागोपाठ तीनदा बोलावलं, एक हात खाली येतो न येतो तोच दुसऱ्यांदा वर. आज ताई फारच रंगात आलीये, असं त्याला वाटलं, आणि त्याने तिन्ही वेळा पोट धरून हसून दाखवलं. त्यानंतर ताई नाचायला लागली.

हे मात्र नवीन होतं. तो कंबर हलवायचा नाच तिला मुळीच आवडत नसे. चक्रात बोलावण्याच्या शेजारीच होता, तरी तिने कधी दाबला नव्हता. भागूबाई मागच्या खोलीत एकटाच खो खो हसला. तेवढ्यात लांबून गोळी आली आणि ताईला लागली. तिचं पात्र नाचतच राहिलं. दुसरी गोळी लागली. तरी नाच चालूच.

आता त्याचं हसू मावळलं. तो नाच आपोआप थांबत नाही, पण थांबवायलाही काही लागत नाही. पडद्याला कुठेही बोट लागलं की पात्र भानावर येतं. म्हणजे ताईचं बोट पडद्यावर नव्हतं. गोळ्या लागत असताना ताई बोट उचलून बसेल? ताई? हाताच्या तळव्यांना असा घाम सुटला की मोबाईल निसटायला लागला.

आणि मग भागूबाईने जे केलं ते फक्त भागूबाईच करू जाणे. तो भिंतीआडून बाहेर आला. दोन वर्षांत कधी आला नव्हता तो आज आला, धुराचा गोळा फेकला, ताईच्या पात्रापुढे आडवा उभा राहिला आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडायला लागला. त्याला एवढंच कळत होतं की ती नाचतेय तोवर ती आहे. फोन करायला हवा हे काय त्याला कळत नव्हतं? कळत होतं. पण फोन करायचा तर खेळ बंद करावा लागणार, म्हणजे ताई डोळ्यांसमोरून जाणार, आणि ते त्याच्याने होईना. तोंडाने नुसतं ताई, ताई चाललेलं. एक गोळी याला लागली, मग आणखी एक. धूर विरायला लागला. ती मात्र ठेक्यात कंबर हलवत होती, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. चार मिनिटं गेली. जन्मात पहिल्यांदा हा गडी शूर झाला, आणि तेही एका बाहुलीसाठी.

त्याचा आवाज ऐकून मालकीणबाई मागच्या खोलीत आल्या. काय झालंय ते त्याने कसंबसं सांगितलं, पण नजर पडद्यावरून हलवली नाही. बाई डोक्याने पक्क्या. त्यांनी एकच विचारलं.

"तिच्या घराची किल्ली कुणाकडे आहे?"

"समोरच्या शिंपिणीकडे."

"नंबर?"

नंबर याच मोबाईलमध्ये होता. बाईंनी हात पुढे केला. भागूबाईने मोबाईल छातीशी धरला.

"बंद करू नका हो. ती गेली तर मला कळणार नाही."

बाईंनी त्याच्या हातातून मोबाईल अक्षरशः हिसकावला, खेळ बाजूला सारला आणि नंबर लावला. शिंपिणीने पहिल्याच घंटीला उचलला, कारण ती घरातच मशीनवर बसलेली होती. मग पलीकडे चपलांची फटफट, किल्ल्यांची खुळखुळ, दार, आणि शिंपिणीची एक किंकाळी. फोन तुटला. भागूबाई मशीनशेजारी फरशीवर बसला, काचेच्या भुकटीत, आणि त्याला काही केल्या उठता येईना. बाईंनीच त्याला बसमध्ये बसवून दिलं.

बसमध्ये तीन तास त्याने मोबाईल उघडला नाही. शिंपिणीचे दोन फोन येऊन गेले, तेही घेतले नाहीत. जे असेल ते ऐकायची त्याची छाती नव्हती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की त्याला ताईचं ओरडणं आठवायचं आणि रडू फुटायचं. शेजारच्या माणसाने दोनदा पाणी विचारलं.

ताई जिवंत होती. नळीत कफ सुकून बसला होता आणि श्वास दोऱ्याएवढा उरला होता. पलंगाला टेकून जमिनीवर बसलेली सापडली, ओठ निळे, शुद्ध नाही, मोबाईल मांडीवर. ताईने शिकवून ठेवलं होतं तसं शिंपिणीने आतली नळी ओढून काढली आणि मग गाडी बोलावली. ताईच्या घराला कुलूप बघून थिजलेल्या भागूबाईला शेजाऱ्यांनी हॉस्पिटलला धाडलं, तेव्हा हे सगळं शिंपिणीने दारातच त्याला सांगितलं. मापाची टेप अजून तिच्या गळ्यात तशीच होती.

खाटेवर ताई टेकून बसली होती, चेहऱ्याचा रंग उडालेला, पण डोळे तेच. तिला बघताच दिवसभराची भीती रागाचं रूप घेऊन त्याच्या तोंडून बाहेर पडली. तो तिच्यावर चक्क ओरडला. शिंपीण समोर घरात होती, तिचं दार वाजवायचं सोडून तो मोबाईल कसला हातात घेऊन बसलीस, श्वास कोंडल्यावर माणूस दाराकडे जातो की खेळाकडे, अक्कल आहे की नाही, असं बरंच. आजवर ताईशी तो या आवाजात बोलला नव्हता.

ताईने त्याला बोलू दिलं. मग उशीखालची वही ओढली. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं.

"दार सहा पावलांवर होतं. जाता आलं असतं. पण तू समोर होतास ना."

त्याने ते दोनदा वाचलं, आणि मग त्याला लागोपाठ तीनदा वर आलेला तो हात आठवला, आणि आपलं हसणंही. ताई त्याच्या उत्तराची वाट बघत होती, आणि वहीवरून मान वर करायची त्याला भीती वाटत होती.