खांदा ते गुडघा

रोहिणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. "पम्या गेला," एवढंच म्हणाली. नवऱ्याला ती कायम प्रमोद म्हणायची, पम्या फक्त आम्ही मित्र म्हणायचो. त्या दिवशी आमचं नाव तिच्या तोंडून आलं आणि गाडीचं दार उघडं टाकून मी तसाच बसून राहिलो...

पम्या नागपूरचा, मी पुण्याचा, आणि दोन हजार एकपासून अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात आम्ही रूममेट. गल्लीतल्या क्रीडा मंडळाकडून तो कबड्डी खेळलेला, डाव्या कोपऱ्यावर. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या हाती लागला की समोरच्याचा दम तुटेपर्यंत सुटायचा नाही. आता मिनेसोटात कबड्डी कुठून आणणार? पण ऑफिसातला ग्लेन नावाचा ऑस्ट्रेलियन दर शनिवारी पार्कात त्यांच्याकडचा फुटबॉल खेळवायचा. चेंडू लंबगोल, लाथेनं मारायचा, हातांनी झेलायचा, आणि ज्याच्याकडे तो असेल त्याला धरून पाडायचं. हे शेवटचं ऐकलं मात्र, पम्या बूट घालायलाच लागला. "यार, हा तर आपलाच खेळ आहे बे."

डोंबलाचा आपला. पहिल्याच शनिवारी त्यानं सूर मारून एका धिप्पाड गोऱ्याचा घोटा धरला आणि शिट्टी वाजली. त्या खेळात खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वरच पकडायचं असतं. दुसरा नियम तर त्याच्या रक्ताच्याच विरुद्ध होता. समोरच्यानं चेंडू टाकला की त्याला तिथल्या तिथे सोडायचं. चेंडू मैदानाच्या पार त्या टोकाला, आणि हा पठ्ठ्या आपला घोटा आवळून त्या बिचाऱ्याचा दम तुटायची वाट बघतोय. ही सवय जात नाही तोवर मॅचमध्ये घेणार नाही, असं ग्लेननं स्पष्ट सांगून टाकलं.

दुसरा कोणी असता तर मुकाट्यानं क्रिकेटकडे वळला असता. हा दोन सीझन टीमला पाणी आणि संत्र्याच्या फोडी पुरवत राहिला. तोवर त्याचं रोहिणीशी लग्न झालं, टाउनहाउस घेतलं आणि घराबाहेर बर्फाचे ढीग असताना पम्यानं फ्युटॉनची, म्हणजे पलंग होणाऱ्या सोफ्याची, जुनी गादी गुंडाळून, दोरीनं करकचून बांधून गॅरेजमध्ये उभी केली. तिच्यावर लाल टेपचे दोन पट्टे लावले, एक खांद्याला, एक गुडघ्याला. ऑफिसातून आला की धावत जाऊन दोन पट्ट्यांच्या मध्ये तिला कवळा घालायचा आणि स्वतःच मोठ्यानं म्हणायचा, "सोड." पुन्हा धावायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा "सोड". रोहिणी म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या गादीचं नशीब चांगलं आहे."

आणि त्यानं ते जमवलं. टीममध्ये आला तो ठिय्या मांडूनच. त्याच्याहून वेगवान पुष्कळ होते, उंच तर सगळेच होते, पण शेवटच्या मिनिटालाही पहिल्यासारखाच धावणारा हा एकटाच. दोन हजार सातच्या शेवटच्या मॅचला मी काठावर उभा होतो. आम्ही जेमतेम पुढे, आणि त्यांचा सगळ्यात चपळ गडी चेंडू घेऊन आमच्या गोलच्या खांबांकडे सुटला. पम्या मागे. मला वाटलं, आता हा घोट्यावर झेप घेणार. त्यानं नाही घेतली. जीव तोडून धावत त्याला गाठलं, कमरेला कवळा घातला, चेंडू निसटला आणि दोन्ही हात वर करून पम्या साफ मोकळा झाला. मॅच आम्ही जिंकलो. ग्लेननं त्याला खांद्यावर घेतलं. मी रडलो, सांगायला लाज कसली?

त्याच थंडीत कॅन्सर निघाला. हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा पम्यानं माझं मनगट धरलं. "पकड आहे ना अजून?" म्हणाला. होती. खरंच होती...

परवा रोहिणीनं गॅरेज आवरायला बोलावलं. जुनं सामान न्यायला ट्रक येणार होता. खोकी बाहेर काढली, बर्फाचं फावडं काढलं, राहिली ती कोपऱ्यातली गादी. उचलायला म्हणून मी तिला कवळा घातला. हात आपोआप दोन लाल पट्ट्यांच्या मध्येच पडले. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. रोहिणी दारात उभी होती. "सोड" म्हणणारा तिथे नव्हता. मी धरूनच राहिलो.