मनस्विनी: पन्नासपैकी त्रेचाळीस

मुलाचं लग्न ठरलं आणि मी एक्सेल उघडलं. आमच्याकडे लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. ते नाव शोधायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. अकरा नावं, पाच रकाने: अर्थ, उगम, उच्चार, अक्षरं, आणि दिल्लीकर त्याचं काय करतील. प्रत्येकाला दहा गुण.

दिल्लीत, द्वारकेच्या घरी जेवताना मी तक्ता वाचून दाखवला.

"यार बाबा," मुलगा म्हणाला, "तिला विचारलंस का?"

"आधी शॉर्टलिस्ट तर होऊ दे."

बायको भाजी वाढताना थांबली. "अहो, माझ्या वेळीही असंच केलं होतंत?"

"तेव्हा वही होती," मी अभिमानानं सांगितलं. "मनस्विनी. मूळ संस्कृत. स्वतःच्या मनानं चालणारी. पन्नासपैकी त्रेचाळीस."

"आणि बकुळला किती?"

बकुळ हे तिचं माहेरचं नाव. ते मी यादीत घेतलंच नव्हतं. स्वतःच्या मनानं चालणारी, असं नाव मी तिला न विचारता ठेवलं होतं. यातली गंमत कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. ऑफिसात मला काटेकोर म्हणतात.

"बकुळ का ठेवलं होतं?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"मी झाले तेव्हा बाबा दवाखान्याबाहेर बकुळीखाली उभे होते. आत आले ते खिशात फुलं घेऊनच. इथे मौलसरी म्हणतात तिला. लक्ष्मीबाई नगरात राहत होतो तेव्हा सात वर्षं तिच्याखाली स्कूटर लावायचात, आणि सीटवर कचरा पडतो म्हणून कुरकुरायचात."

मी होणाऱ्या सुनेला फोन लावला. "तुझं नाव कोणी ठेवलं गं?"

ती म्हणाली, "आत्यानं. काका, बदलायचंय का? आठवडाभर विचारीन म्हणतेय, धीर होत नव्हता."

"नाही बदलायचं," मी म्हणालो आणि तक्ता डिलीट केला. बॅकअप आहे, पण ते जाऊ दे.

लक्ष्मीपूजनाला गुरुजींनी नवं नाव विचारलं. "आहे तेच," मी सांगितलं. मुलानं ते तांदळांत लिहिलं. दहा सेकंदही लागले नसतील.

"इतकं सोपं होतं," शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "तर तेव्हा काय झालं होतं?"

तेव्हा विचारायचं सुचलंच नाही, एवढंच खरं उत्तर होतं.