बिनझेंड्याची अंत्ययात्रा

गुद्रुन शिंपल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबली. फियॉर्डातून, म्हणजे गावालगतच्या समुद्राच्या खाडीतून, निघालेले शिंपले उकडायचे, सोलायचे, डब्यात भरायचे. हात कायम पाण्यात, बोटं चिरलेली. मुलगा एस्बेन तीन वर्षांचा असतानाच नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला. "गेला तर गेला, एका माणसाचे बटाटे कमी सोलायचे," असं कारखान्यात सांगून तिनं पोराला एकटीनं वाढवलं. बाई तोंडाची फटकळ, मनाची साधी. आता त्रेसष्टची आहे.

एस्बेन एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला. अफगाणिस्तानात दोन खेपा करून आला. पहिल्या खेपेहून परतला तेव्हा गावानं दुकानांना सैनिकांच्या स्वागताच्या पिवळ्या फिती बांधल्या, बेकरीवाल्यानं केक फुकट दिला. दुसऱ्या खेपेनंतर कुणी फारसं विचारलं नाही. तोही बोलेना. घराची दारं तीन-तीनदा तपासायचा आणि कपडे वाळवायच्या मशीनपाशी फरशीवर निजायचा. त्या घरघरीत झोप लागते म्हणे. गुद्रुनला वाटायचं, होईल हळूहळू ठीक, विचारून त्याला कशाला छळा? कुणाच्या दुःखात नाक खुपसायचं नाही, ही आमच्याकडे मोठी सभ्यता समजतात. चुलीत गेली ती सभ्यता! दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एस्बेननं जीव दिला. सव्वीस वर्षांचा होता.

आमच्याकडे बहुतेक अंगणांत झेंड्याची काठी असते. वाढदिवसाला झेंडा वर चढतो, आणि गल्लीतलं कुणी गेलं की शववाहिका निघताना सगळ्यांचे झेंडे अर्ध्यावर. कुणाला सांगावं लागत नाही. पण गुद्रुनच्या मनानं घेतलं, की झेंडे लढाईत पडलेल्याला शोभतात. याच्यासाठी लावले तर लोक मागे कुजबुजतील. शेजारचा व्हिगो जुना सार्जंट, माजी सैनिकांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याला तिनं दारातच बजावलं, "कुणी झेंडा लावायचा नाही. सांग सगळ्यांना." व्हिगोनं फोन फिरवले. लोकांनी मुकाट्यानं ऐकलं. शववाहिका बावीस मोकळ्या काठ्यांपुढून गेली, आणि ते बघताना गुद्रुनचं काळीज फाटलं. पण आता कुणाला काय सांगणार?

पुढे नऊ वर्षं तिच्यासमोर एस्बेनचं नाव कुणी काढलं नाही. दुकानात भेटलं की हवेच्या गप्पा, नाहीतर कुत्र्यांच्या. तिला वाटायचं, गाव विसरलं. गावाला वाटायचं, हिलाच नकोय.

दर पाच सप्टेंबरला सैनिकांचा झेंडा-दिवस असतो. चर्चपुढे बँड वाजतो, महापौर भाषण करतात, मग व्हिगो आमच्या भागातल्या, लढाईत पडलेल्या चौघांची नावं वाचतो. गुद्रुन तिकडे कधी फिरकली नव्हती. यंदा ऑगस्टात ती व्हिगोच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"त्याचं नाव वाच," ती म्हणाली.

व्हिगोच्या हातातली किटली थांबली. "यादी वरून येते, गुद्रुन. त्यात फक्त लढाईत..."

"लढाईतच मेलाय माझा मुलगा! जीव जायला दोन वर्षं लागली, एवढंच."

"आणि झेंडे नकोत म्हणून तूच सांगितलंस ना? माझा झेंडा दोरीला लावून तयार होता त्या दिवशी. तुझ्या शब्दाखातर घडी घालून आत ठेवला."

"चुकलं माझं. लाज वाटली रे मला. पोटच्या पोराची लाज वाटली." आणि ती हमसून हमसून रडली.

"बघतो," एवढंच व्हिगो म्हणाला.

पाच तारखेला ती निळा कोट घालून मागच्या रांगेत उभी राहिली. व्हिगोनं चार नावं वाचली, कागदाची घडी घातली. गुद्रुन जायला वळली. नाही वाचलं मेल्यानं! तेवढ्यात व्हिगो कागदाशिवायच बोलला, "आणि एस्बेन ब्रुनगोर. यादीत नाही. माझ्या जबाबदारीवर घेतोय हे नाव." महापौर बुटांकडे बघू लागले. पण मंडळाची निशाणं धरलेल्या म्हाताऱ्यांनी चौघांसाठी झुकवली तशीच ती पाचव्यासाठीही झुकवली.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफीला लोक तिच्याभोवती जमले. "माझी सायकल दुरुस्त करून द्यायचा गं तो," शाळेतली जुनी शिक्षिका म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून कधी विषय काढला नाही."

"वाईट वाटायचं शिल्लक काय होतं, बये?" गुद्रुन म्हणाली. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास आला.

एवढ्यात तिशीतली एक बाई कोट न काढताच तिच्यापाशी आली. "मी मायकन. माझा नवरा रुने, तोही अफगाणिस्तानात होता. बाहेर गाडीत बसलाय, उतरतच नाही. तुम्हाला कसं विचारू... एस्बेन शेवटी शेवटी कसा वागत होता?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गुद्रुननं आडपडदा ठेवला नाही. "शांत झाला होता. हसायला लागला होता. मला वाटलं, सुटलो एकदाचे! आपल्या वस्तू वाटत सुटला होता, तेही कळलं नाही मला."

मायकननं तिचा दंड धरला. "रुनेनं काल मासेमारीचं सगळं सामान भावाला देऊन टाकलं. मी म्हटलं, बरं झालं, अडगळ गेली."

"व्हिगो!" गुद्रुन ओरडली. "डॉक्टरला फोन लाव, आत्ताच्या आत्ता!" कप तिथेच टाकून ती बाहेर धावली. गाडीचं दार उघडून रुनेच्या शेजारी बसली.

"मी एस्बेनची आई," ती म्हणाली. "त्याला मी विचारलं नाही, तुला विचारते. जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

रुनेनं समोरच्या काचेकडे बघतच मान डोलावली. हो. गुद्रुननं त्याचा हात घट्ट धरला आणि डॉक्टर येईपर्यंत सोडला नाही.